खोकल्याची बाटली घेण्याआधी काय बघायचं?

"खोकल्याचं एक चांगलं औषध द्या." थंडी सुरू झाली की औषधाच्या दुकानात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. मागणारा घाईत असतो, देणाराही घाईत असतो, आणि हाताला लागेल ती बाटली पिशवीत जाते. या एकाच नावाखाली एकमेकांच्या अगदी उलट काम करणारी औषधं विकली जातात, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. एक औषध खोकला दाबतं, दुसरं कफ सोडवून खोकल्याला मदत करतं, तिसरं श्वासनळ्या रुंद करतं, चौथं फक्त झोप आणतं. आजार एक आणि बाटली दुसरीच असली की पैसे वाया जातात, पण ते सगळ्यात किरकोळ नुकसान.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहणारा फार्मासिस्ट आहे. घरच्यांसाठी औषध आणायची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. त्यात पहिल्यांदाच एकटी राहणारी मुलंमुली आहेत, नवे आईबाप आहेत, आणि आईवडिलांचा दमा किंवा सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) सांभाळणारे लोक आहेत. पायऱ्या क्रमाने वाचा. दुकानात मात्र तिसरी पायरी सोबत असू द्या, बाकी विसरलात तरी चालेल.

पायरी १: खोकला काय काम करतोय ते ओळखा

आपल्या श्वासनळ्यांना आतून कफाचा पातळ थर असतो. हवेतली धूळ, जंतू त्यात अडकतात आणि नळीतले अतिशय बारीक केस तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. निरोगी माणूस तो नकळत गिळून टाकतो. सर्दी-फ्लू झाला, धूर फार गेला, की कफ वाढतो, घट्ट होतो आणि त्या केसांच्या आवाक्याबाहेर जातो. मग शरीर खोकून तो बाहेर फेकतं. म्हणून ज्या खोकल्यातून बेडका पडतो, तो खोकला सफाई करत असतो. तो दाबला तर कफ छातीतच साचतो.

कोरड्या खोकल्यात बाहेर फेकण्यासारखं काही नसतं. घसा खवखवतो, ढास लागते, बरगड्या दुखतात, रात्रभर झोप नाही. असा खोकला थोडा शांत करायला हरकत नाही.

दुकानात येण्याआधी एवढे प्रश्न स्वतःला विचारा. कफ पडतो का? किती दिवस झाले? दिवसा जास्त की रात्री? श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का? झोपल्यावर घशाशी आंबट येतं का? ही उत्तरं तुमच्याकडे तयार असतील तर दुकानातला माणूसही नीट विचार करून औषध देईल.

दोन समज इथेच बाजूला ठेवूया. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हे खरं नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही पांढऱ्या पेशींमुळे कफाचा रंग बदलतो. दुसरं, सर्दी आठवड्यात गेली तरी मागे राहिलेला खोकला अडीच-तीन आठवडे रेंगाळू शकतो (दोन आठवड्यांपुढे गेला तर मात्र पायरी २ प्रमाणे तपासून घ्यायचंच). चौथ्या दिवशी खोकला चालू आहे म्हणून औषध लागू पडलं नाही असं समजून दुसरी बाटली, मग तिसरी बाटली, हा प्रकार मी फार पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं.

पायरी २: बाटली नको, डॉक्टर हवा

पुढचं काहीही असेल तर औषधाच्या दुकानात वेळ घालवू नका.

- कफातून रक्त, छातीत दुखणं, ओठ निळसर, एक वाक्य पुरं करताना धाप लागणं.
- जोराचा ताप उतरत नाही, किंवा उतरून पुन्हा चढला.
- खाता-खेळताना लहान मुलाला अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला. शेंगदाणा, चणा, मणी, काहीही श्वासनळीत गेलेलं असू शकतं. त्यावर कुठलंच सिरप नाही. मूल नंतर शांत झालं तरी दाखवायलाच हवं.
- बाळाचा श्वास जलद चाललाय. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आकडा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.
- खोकल्याची उबळ इतकी लांब की शेवटी श्वास आत घेताना 'हूप' असा आवाज येतो, उलटी होते, तान्हं बाळ काळंनिळं पडतं. हा डांग्या खोकला असू शकतो.
- खोकला दोन आठवड्यांहून जास्त. अशा वेळी क्षयरोगाची तपासणी करून घ्यायची, वजन घटत असो वा नसो. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र आता अनेक छोट्या केंद्रांतही असतं, त्यामुळे निदान लवकर होतं.

क्षयरोगाच्या बाबतीत एक कळकळीची विनंती. 'खोकल्याचं अँटिबायोटिक' म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या क्षयाच्या जंतूला थोडा काळ दाबतात, रुग्णाला बरं वाटतं, आणि खरं निदान काही आठवड्यांनी पुढे जातं. तोवर घरात लहान मुलंही त्याच हवेत श्वास घेत असतात.

पायरी ३: बाटली फिरवा आणि मागचं वाचा

समोरच्या बाजूला ठळक नाव, मध किंवा तुळशीचं चित्र. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात. तिथे 'ईच फाइव्ह एमएल कन्टेन्स' अशी ओळ शोधा, म्हणजे दर ५ मिलिलिटरमध्ये काय आहे. त्याखाली बहुतेक बाटल्यांत तीन-चार नावं असतात. ती सहा गटांत बसतात.

खोकला दाबणारी. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे सगळ्यात जास्त दिसणारं नाव. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतं. मोठ्या माणसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम एका वेळी, आणि दिवसभरात १२० मिलिग्रॅमच्या वर नाही. लिव्होड्रोप्रोपिझिन श्वासनळीच्या पातळीवर काम करतं आणि झोप कमी आणतं. कोडीन हे अफूच्या कुळातलं. ते श्वास मंद करतं, बद्धकोष्ठ करतं आणि त्याची सवय लागते. म्हणूनच ते शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहे. लाल चौकटीतला इशारा छापलेला असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि ते कुणाला दिलं याची वेगळी नोंद आम्हाला तीन वर्षं जपून ठेवावी लागते. कुणी चिठ्ठीशिवाय देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाही. हा सगळा गट फक्त कोरड्या खोकल्यासाठी, आणि मुख्यतः रात्री झोप लागावी म्हणून.

कफ पातळ करणारी. ब्रोमहेक्सिन, अ‍ॅम्ब्रोक्सॉल, अ‍ॅसिटिलसिस्टीन, कार्बोसिस्टीन. कफाला चिकटपणा देणारे दुवे ती सैल करतात किंवा कफाची घडण बदलतात. आपल्या अंगणातल्या अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्सिन प्रयोगशाळेत घडवलं गेलं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं ते अ‍ॅम्ब्रोक्सॉल. म्हणजे आजीच्या काढ्याचे आणि या बाटलीचे धागे एका झाडाशी पोचतात, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. मोठ्यांना ब्रोमहेक्सिन ८ मिलिग्रॅम तीनदा, अ‍ॅम्ब्रोक्सॉल ३० मिलिग्रॅम दोन-तीनदा, अशी नेहमीची मात्रा असते. क्वचित यांच्यामुळे अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. पुरळ, तोंडात फोड दिसले की औषध ताबडतोब बंद आणि डॉक्टरकडे.

कफ सुटायला मदत करणारी. ग्वायफेनेसिन, अमोनियम क्लोराईड, सोडियम सायट्रेट. यांनी श्वासनळीत पातळ स्राव वाढतो असं मानलं जातं. ग्वायफेनेसिनबद्दल एक गोष्ट लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. मोठ्या माणसाला त्याची पुरेशी मात्रा एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. आपल्याकडच्या मिश्र सिरपांत ते बहुधा ५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असतं. दोन चमचे घेतले तरी १०० मिलिग्रॅम. नाव आहे म्हणून परिणाम होईलच असं नाही. त्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं कोमट पाणी पिणं बिनखर्चाचं आणि बिनधोक आहे.

श्वासनळ्या रुंद करणारी. साल्ब्युटामॉल, लिव्होसाल्ब्युटामॉल, टर्ब्युटालिन. ही खोकल्याची औषधं नव्हेतच. दम्यासारखी घरघर असेल तर त्यांचा उपयोग. घरघर नसताना घेतली तर हात थरथरणं, छातीत धडधड, एवढंच पदरात पडतं. हृदयविकार किंवा थायरॉईड वाढलेला असेल तर जास्तच जपायला हवं.

अ‍ॅलर्जीची. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन. नाक गळायचं कमी करतात, झोप आणतात, आणि तोंड-घसा सुकवतात. छातीत घट्ट कफ असताना हे सुकणं अगदी नको असतं. घेतल्यावर गाडी चालवू नका. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना यांनी लघवी अडू शकते.

नाक मोकळं करणारी. बहुतेक बाटल्यांत फिनाइलेफ्रिन. रक्तदाब असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता हातातली बाटली बघा. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ पातळ करणारं अशी दोन्ही नावं असतील तर ती परत ठेवा. एक कफ वाढवून सैल करणार आणि दुसरं तो बाहेर फेकण्याची क्रियाच मंद करणार, याला अर्थ नाही. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मिश्रणांवर बंदी घातली. त्यात ब्रोमहेक्सिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अमोनियम क्लोराईड आणि मेन्थॉल यांचं मिश्रण होतं, तसंच अमॉक्सिसिलिन आणि ब्रोमहेक्सिनची जोडीही. त्याआधी मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदीचा आदेश निघाला, त्यातही खोकल्याची बरीच होती. तरीही बाजारात मिश्रणांचाच भरणा आहे, म्हणून वाचायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागते.

नावामागच्या अक्षरांकडेही लक्ष द्या. एकाच ब्रँडच्या बाटल्या सारख्या दिसतात, फक्त शेवटची अक्षरं बदलतात. 'डीएम' असेल तर बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे दाबणारं. 'एलएस' असेल तर बहुधा लिव्होसाल्ब्युटामॉल आणि सोबत कफ पातळ करणारं. 'मागच्या वेळी नेलं तेच द्या' म्हणताना ही अक्षरं सुटली की कोरड्या खोकल्याची बाटली कफाच्या खोकल्याला जाते. रिकाम्या बाटलीचा मागचा-पुढचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि ही अक्षरं कायद्याने ठरवलेली नसतात, त्यामुळे शेवटचा शब्द मागच्या यादीचा.

माझं मत विचाराल तर, जितकी नावं कमी तितकं औषध बरं. कोरडा खोकला असेल तर एकच दाबणारं, घट्ट कफ असेल तर एकच पातळ करणारं. गोळ्या मिळत असतील तर मोठ्यांनी गोळी घ्यावी. मात्रा अचूक मिळते, साखर जात नाही आणि स्वस्तही पडते.

पायरी ४: लहान मुलांसाठी वेगळे नियम

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-तापासाठी कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. २० हून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. मर्यादा ०.१ टक्के आहे. सिरपमधलं औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. त्यांच्या जागी हलक्या प्रतीचं औद्योगिक द्रव्य आलं आणि तपासणी झाली नाही, की हे घडतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनमधून याच विषाने १४ रुग्णांचा जीव घेतला होता. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. आफ्रिकेतल्या गांबिया देशात अशाच सिरपने झालेले मुलांचे मृत्यू २०२२ मधले. इतक्या वर्षांनंतरही तेच रसायन, तीच वाट, आणि आता बळी लहान मुलांचा.

ही भेसळ घरी रंगावरून, वासावरून ओळखता येत नाही. चवीला ते गोडच असतं. आईबापांच्या हातात एकच खात्रीचा उपाय उरतो. ज्या मुलाला सिरपची गरज नाही त्याला ते द्यायचंच नाही. आणि बहुतेक मुलांना ती गरज नसते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, ५ वर्षांखालीही साधारणपणे नकोत, आणि त्यापुढे डॉक्टरांनी तपासूनच, कमीत कमी दिवस, अनेक औषधांचं मिश्रण टाळून. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनची ठरावीक जोडी ४ वर्षांखाली वापरू नये असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. फ्रान्समध्ये २०१० पासून कफ पातळ करणारी औषधं २ वर्षांखालील मुलांना बंद आहेत. कारण समजायला सोपं आहे. तान्ह्या बाळाच्या नळ्या अरुंद, जोर लावून खोकण्याची ताकद कमी. कफ पातळ होऊन वाढला तर तो बाहेर काढणार कोण?

मग करायचं काय? नाक बंद असेल तर दूध पाजण्याआधी साध्या मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, दोन्ही नाकपुड्यांत. स्तनपान चालू ठेवा, थोडं थोडं आणि जास्त वेळा. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावर घेऊनही चाटवू नका. त्यातल्या जंतूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. घरातल्या मोठ्यांना हे पटवणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. तरी पटवा. बाळ कफ गिळतं आणि तो उलटीतून किंवा शीतून निघून जातो, त्याची काळजी करू नका.

डॉक्टरांनी सिरप लिहूनच दिलं असेल तर जरूर द्या, पण बाटलीवरचा बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, मुदत यांचा फोटो काढा आणि बिल मागून घ्या. औषध सुरू झाल्यावर लघवी कमी झाली, पाच-सहा तास लंगोट कोरडा राहिला, उलट्या सुरू झाल्या, मूल मलूल पडलं, तर पुढचा डोस थांबवा आणि बाटली घेऊनच रुग्णालयात जा. बाटली फेकू नका. तपासणीला तीच लागते. थोरल्या भावाचं उरलेलं सिरप धाकट्याला तर कधीच नको.

पायरी ५: मोजून घ्या

घरातला 'चमचा' ३ मिलिलिटरचाही असतो आणि ८ चाही. बाटलीसोबत येणारं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, म्हणून डॉक्टरकडे जाताना हल्लीचं वजन माहीत असू द्या. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत गल्लत करू नका. थेंबांच्या १ मिलिलिटरमध्ये बहुधा जास्त औषध असतं.

सर्दी-तापाच्या बाटलीत पॅरासिटामॉल असू शकतं. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल चालू असेल तर दुप्पट डोस जातो आणि तो यकृताला बाधतो.

अ‍ॅसिटिलसिस्टीनची पाण्यात फसफसणारी गोळी मिळते. ती अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळू द्या, चघळू नका. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो औषधातल्या गंधकाचा. औषध बिघडलेलं नसतं. या गोळीत सोडियम बरंच असतं, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. दमा असलेल्यांना हे औषध वाफेतून दिलं तर नळ्या आवळल्या जाऊ शकतात, म्हणून नेब्युलायझरमध्ये ते मनाने कधीही टाकू नये.

पायरी ६: आधीची औषधं आणि आजार सांगा

काउंटरवर एवढं बोलायला संकोच करू नका. मधुमेह असेल तर साखरविरहित बाटली मागा, मात्र तिच्यातल्या सॉर्बिटॉलने काहींना जुलाब होतात. पोटात अल्सर असेल तर कफ पातळ करणारी औषधं जपून, कार्बोसिस्टीन तर नकोच. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन टाळा. काही गोळ्यांसोबत ते घेतल्यास घाम, थरथर, बेचैनी असा धोकादायक त्रास होतो. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच बाटली नको.

आणि रक्तदाबाची गोळी तपासा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल, जसं रॅमिप्रिल, एनालाप्रिल, तर महिनोन्‌महिने न जाणारा कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. सिरपवर सिरप संपतात आणि खोकला तसाच राहतो. गोळी स्वतः बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या गटातली देतील. बदलल्यावर खोकला जायला काही आठवडे लागू शकतात. आम्लपित्तामुळे आणि नाकामागून घशात उतरणाऱ्या स्रावामुळेही असाच चिवट खोकला होतो. त्यावर उपाय पोटाचा किंवा नाकाचा करावा लागतो.

दर थंडीत घरघर आणि रात्रीचा खोकला होणाऱ्यांना एक हिशेब सांगतो. लिव्होसाल्ब्युटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेल तर दोन चमच्यांतून २ मिलिग्रॅम औषध रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. ५० मायक्रोग्रॅमच्या पंपाचे (इनहेलरचे) दोन फवारे म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, आणि तेही थेट फुफ्फुसात. वीसपट कमी औषधात काम लवकर होतं. 'पंपाची सवय लागते' या भीतीने लोक वर्षानुवर्षं बाटल्या पितात. पंपाची सवय लागत नाही. दमा असेल तर मुळात आतली सूज कमी करणारा पंपच मुख्य उपचार आहे, आणि तो डॉक्टरच ठरवतील.

पायरी ७: सुटलेला कफ बाहेर काढा

हे सहसा कुणी सांगत नाही, आणि सीओपीडी किंवा ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या सैल होऊन त्यांत कफ साचत राहणारा आजार) असलेल्यांच्या घरात याचीच सगळ्यात जास्त गरज असते. आपल्याकडे सीओपीडी हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या कितीतरी आज्यांना तो आहे. औषधाने कफ सैल होतो, वर आणायचं काम रुग्णाला करावं लागतं. जोरजोरात खोकून माणूस थकतो आणि नळ्या मिटतात. त्याऐवजी ही पद्धत शिका.

खुर्चीत ताठ बसा, किंचित पुढे झुका. एक-दोन मिनिटं पोटाने शांत श्वास घ्या. मग तीन-चार वेळा खोल श्वास घेऊन दर वेळी दोन-तीन सेकंद रोखा आणि सावकाश सोडा. पुन्हा शांत श्वास. आता मध्यम श्वास घ्या, तोंड उघडं ठेवा आणि आरशावर वाफ धरावी तसं 'हाऽऽ' करत पोटाचा जोर लावून हवा बाहेर ढकला. एक-दोनदाच. कफ घशाशी आला की एकदा खोकून थुंकून टाका. हे चक्र तीन-चार वेळा, दिवसातून दोनदा. चक्कर आली तर थांबा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्यावं.

क्रमही महत्त्वाचा. आधी श्वासनळ्या रुंद करणारा पंप, मग डॉक्टरांनी सांगितली असेल तर मिठाच्या पाण्याची नेब्युलायझरची वाफ, मग ही श्वासाची कसरत, आणि कफ निघाल्यावर स्टेरॉईडचा पंप व चूळ. कफाने भरलेल्या नळ्यांत आधीच स्टेरॉईड घेतलं तर ते आतपर्यंत नीट पोचत नाही.

सीओपीडीत कार्बोसिस्टीन किंवा अ‍ॅसिटिलसिस्टीन महिनोन्‌महिने दिलं तर काही रुग्णांत आजार अचानक बळावण्याच्या वेळा थोड्या कमी होतात. हा फायदा छोटा आहे, पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी रुग्णालयाची एक फेरी वाचणं मोठं असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम. अंथरुणाला खिळलेल्या, पक्षाघात झालेल्या माणसाला मात्र कफ पातळ करणारं औषध मनाने देऊ नका. सुटलेला कफ त्याला बाहेर काढता येत नाही आणि तो फुफ्फुसात उतरतो.

घरचे उपाय, थोडक्यात

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध किंवा खडीसाखर चघळणं, मध, आल्याचा कोमट चहा. घशाला आराम पडतो, खुशाल करा. ज्येष्ठमध रक्तदाब असलेल्यांनी रोज आणि जास्त घेऊ नये, त्याने दाब वाढतो. अडुळशाचं तयार सिरप घेतलं तरी लेबल वाचायचंच, कारण त्यातही साखर असते.

वाफ घेताना उकळतं भांडं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका. लहान मुलांना भांड्यावर वाकवून वाफ देऊच नका, भाजल्याच्या घटना फार वाईट असतात. कापूर मुलांच्या नाकाशी, छातीला, पाळण्यात, कुठेच नको. तो थोडासा पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात. ओव्याची पुरचुंडी हुंगवायची असेल तर त्यात कापूर घालू नका.

कधी थांबायचं, कुठे कळवायचं

साध्या खोकल्याचं औषध पाच ते सात दिवस. फरक नसेल तर बाटली बदलू नका, डॉक्टर गाठा. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पेनाने लेबलवर लिहा. उरलेलं औषध पुढच्या थंडीसाठी ठेवू नका. कपाट मुलांच्या हाताबाहेर, कुलपाचं असेल तर उत्तम, कारण ही औषधं गोड असतात.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर आधी उपचार घ्या आणि मग भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. कळवायला डॉक्टर असावं लागत नाही, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतो. बाटलीच्या दर्जाबद्दल शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. बॅच नंबर, खरेदीचं बिल आणि उरलेलं औषध सोबत न्या.